दोन नांगर

तुम्ही चिखलीचे. तुमच्या ओळखीचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचा पूर, आणि तोही श्रावण-भाद्रपदात दोन-चार दिवस टिकणारा. बाकी वर्षभर पाणी म्हणजे विहीर. अशा माणसाला भर समुद्रात नेऊन सोडायचं, तर वाट शोधत बसावं लागत नाही. ती तुमच्या वावरातूनच जाते. ज्या कपाशीच्या बोंडांनी तुमची बोटं ओरखडतात, ती कपाशी दीडशे वर्षांपूर्वी शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला जात होती. तिच्यासोबत एकदा जाऊन या.

साल 1869, महिना फेब्रुवारी. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं आहे, पण 1853 पासून कारभार इंग्रजांचा. तुम्ही एकोणीस-वीस वर्षांचे आहात. घरातल्या बायांनी लाकडी चरकीवर सरकी काढली, रुई बोऱ्यांत दाबून भरली आणि चार गाड्या रात्रीच जुंपल्या. अमडापूर, उंद्री, मग घाट उतरून खामगाव. थंडी हाडांत शिरते म्हणून तुम्ही बोऱ्यांच्या खाचेत अंग चोरून झोपता. रुईचा तो कोरडा, सरकीच्या तेलाचा वास नाकात बसतो. हा वास लक्षात ठेवा, पुढे एका वाईट दिवशी तो कामाला येणार आहे.

खामगावात व्यापारी बोऱ्यात कोपरापर्यंत हात घालतो, आतली मूठभर रुई ओढून तिचा तंतू दोन बोटांत ताणतो. "बनी का जरी?" बनीचा धागा लांब आणि मऊ, जरीचा आखूड आणि खरबरीत, पण जरी जास्त पिकते, म्हणून शेतकरी तिच्याकडे वळलेला. बनी टिकावी यासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचे इंग्रज कॉटन कमिशनर खटपट करत आहेत. भावाचं बोलणं निघालं की म्हातारे अजून अमेरिकेच्या लढाईच्या आठवणी काढतात. 1861 ते 1865 या चार वर्षांत तिकडच्या दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या रुईला कधी न पाहिलेला भाव आला. लढाई संपली आणि भाव कोसळला. आलेला पैसा फारसा कुणाच्या घरात राहिला नाही. राहिली ती कपाशी पेरण्याची सवय.

खामगावला अजून रेल्वे नाही. गाड्या शेगावच्या स्टेशनाकडे जातात. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट दोन वर्षांपूर्वी, 1867 साली, नागपूरला पोचली आहे. व्यापाऱ्याच्या दलालाला मुंबईपर्यंत मालाबरोबर एक धडधाकट पोरगा हवा असतो. तुम्ही जाता. भुसावळ, नाशिक, मग कसाऱ्याचा घाट, जिथे गाडी मध्येच थांबते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट्या तोंडाने खाली उतरू लागते. मग कुलाब्याची कापसाची बाजारपेठ, आणि तिथले दाबाचे कारखाने. खामगावात फुगलेली ती रुई प्रेसखाली जाते आणि बाहेर येते ती लाकडाच्या ओंडक्यासारखी टणक गाठ, साधारण 178 किलोची. तिच्यावर आता बोट रुतत नाही. आपलाच माल ओळखू येईना, असं तुम्हाला पहिल्यांदा इथे वाटतं.

तुम्ही परत फिरणार असता. पण धक्क्यावर एका सारंगाची गाठ पडते. सारंग म्हणजे जहाजावरच्या हिंदी खलाशांचा मुकादम. तोच माणसं गोळा करतो, उचल देतो, त्यातून स्वतःची दस्तुरी कापतो आणि समुद्रावर त्यांचा मायबापही तोच. हा रत्नागिरीकडचा, मुसलमान, पन्नाशीचा. त्याची बोली कानाला वेगळी लागते, पण कळते. भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या हाताखालचा पोरगा ऐन वेळी पळाला आहे. "येतोस?" एवढंच तो विचारतो.

कचेरीत कारकून कागद पुढे सरकवतो. लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही आजोबा काढत तशी निशाणी काढता. नांगर. कुणब्याची सही ती. सारंग खांद्यावरून वाकून बघतो आणि म्हणतो, "हा कसला नांगर रे?" त्याच्या मुलखात नांगर म्हणजे शेतातलाही आणि जहाजाचाही, एक माती धरतो आणि एक समुद्राचा तळ. तुम्हाला दुसरा ठाऊकच नाही. तो त्याच दुपारी दिसतो. मुंबईत अजून माल भरायला जहाज आत घेणारी गोदी नाही. ससून डॉक व्हायला 1875 उजाडायचं आहे. जहाजं खाडीत दूर उभी असतात आणि गाठी पडावांतून त्यांच्याकडे वाहून नेतात. पडाव जहाजाला भिडतो तेव्हा नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ टांगलेलं, माणसाहून मोठं ते लोखंड तुम्ही मान वर करून बघत राहता.

दोन दिवसांनी तसलंच दुसरं लोखंड पाण्यातून वर येतं. चाळीस पावलं एकाच चरकाभोवती फिरत आहेत, आडव्या दांड्यांना छाती लावून. तुम्हीही त्यात आहात. बैल होऊन मोट ओढल्यासारखं वाटतं. शिडं सुटतात, कुलाब्याचा दीपस्तंभ मागे पडतो. डावीकडे खांदेरी-उंदेरी दिसतात. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी 1679 साली किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांचा विरोध मोडून तो पुरा केला. आता तिथे त्याच इंग्रजांचा दिवा लागतो. त्यानंतर जमीन नाही. साडेतीन महिने, मधल्या एका खडकाचा अपवाद सोडला, तर जमीन नाही.

पहिले तीन दिवस तुम्ही ओकता. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही.

चौथ्या दिवशी पहाटे चारला घंटेचे आठ ठोके पडतात आणि तुम्हाला पायाला धरून उठवलं जातं. तुमची झोपायची जागा जहाजाच्या नाळेकडे, जिथे हेलकावा सगळ्यात जास्त आणि उंची सगळ्यात कमी. ताठ बसलं तर डोकं आपटतं. एक घोंगडी, एक टिनाचं ताट, एक पेटी. गावाकडे दिवस प्रहरांचा, प्रहर तीन तासांचा. इथली पाळी चार तासांची. दर अर्ध्या तासाला घंटा, एक ठोका वाढत जातो आणि आठ झाले की पाळी बदलते. चार तास काम, चार तास विसावा, पुन्हा चार तास काम, रात्र असो की दिवस. भंडाऱ्याच्या माणसाला रात्रीची पाळी नाही, पण "सगळे वर!" अशी हाक आली की भंडारीही वर आणि तुम्हीही वर.

अंधारात पहिलं काम पंपाचं. लाकडी जहाज कितीही चांगलं बांधलेलं असलं तरी झिरपतं. तळाशी किती पाणी साचलं ते एक दांडी सोडून मोजतात आणि मग चौघं चौघं मिळून पंपाचा दांडा खालीवर करत राहतात. रोज. एकही दिवस खाडा नाही. मग डेक धुणं, दगडाने घासणं. उजाडेपर्यंत तुमची चूल पेटलेली असते. ती डेकवरच, चारी बाजूंनी लोखंडी पत्र्याची. भांडी दोऱ्यांनी बांधलेली, कारण मोकळी ठेवली तर जहाज कलल्याबरोबर भात समुद्रात. भात, डाळ, सुकी मासळी, तूप मापाने, चिंच, मिरची, कांदा संपेपर्यंत कांदा. पिण्याचं पाणीही मापाने. भाकर नाही. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत तुम्हाला ज्वारीच्या भाकरीची इतकी आठवण येते की झोपेत तुम्ही पीठ थापता.

पण पहिला पेच भाकरीचा नव्हता. तो ताटाचा होता. समुद्र ओलांडला की जात जाते असं गावात ऐकलेलं. इथे भंडारी मुसलमान, पंगतीला खारवी, कोळी, मुसलमान सगळे एकाच परातीभोवती. ओकाऱ्या थांबल्यावर पहिले दोन दिवस तुम्ही कोरडे पोहे आणि गूळ खाऊन काढता. तिसऱ्या दिवशी सारंग समोर येऊन बसतो. तो समजूत घालत नाही. "दर्यावर चूल एकच असते बाबा," एवढं म्हणतो आणि ताट पुढे करतो. तुम्ही जेवता. कपाशी दरसाल हा समुद्र ओलांडत होती आणि तिचा पैसा घरोघर घेतला जात होता. माणसाला तेवढी बंदी. मला वाटतं, त्या परातीशी बसलेल्या प्रत्येकाने हा हिशेब कधी ना कधी मनात केला असेल.

आठवडा उलटतो आणि बोली बदलायला लागते. जहाजावर हुकूम इंग्रजीत सुटतो आणि सारंगाच्या तोंडून बाहेर पडतो तो भलत्याच भाषेत. हिंदुस्तानी, पोर्तुगीज, फारसी, कोकणी यांची ती भेसळ. पुढची डोलकाठी तिरकट, मागची कलमी. "आर्या!" म्हटलं की दोरी सैल सोडायची. इंग्रज अधिकाऱ्यांना ही भाषा शिकावी लागे. थॉमस रोबक यांनी तिचा कोशच 1811 साली कलकत्त्यात छापला. तुम्हाला मात्र ती कोश न बघता येते. पंधरा दिवसांत तुम्ही दोऱ्यांची नावं बैलांच्या नावांसारखी घेऊ लागता.

एक शब्द तुम्हाला फार वेळ विचारात पाडतो. पिछाडीला मालम, म्हणजे जहाजाचा अधिकारी, एक लाकडी फळी दोरीला बांधून पाण्यात टाकतो. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या, दोन गाठींमध्ये 47 फूट 3 इंच. एकजण वाळूचं घड्याळ उलटं करतो, 28 सेकंदांचं. तेवढ्यात जितक्या गाठी हातातून सरकतील तितका जहाजाचा वेग. सात गाठी, आठ गाठी. गाठ म्हणजे तुम्हाला आजवर रुईची गाठ ठाऊक. आता वरती गाठी मोजल्या जातात आणि खाली पोटात गाठी रचलेल्या, वर मोजणारे कोकणातले हात आणि खाली वऱ्हाडचा माल. दोघांची ओळख कुणी करून दिलेली नाही.

दुपारी बाराला कप्तान सूर्य धरतो. सेक्स्टंट डोळ्याला लावून सूर्य क्षितिजावर उतरवायचा आणि तो सगळ्यात उंच गेला की ओरडायचं. त्या क्षणी जहाजावर बारा वाजतात. सावली पायाखाली आली की दुपार, एवढं तुम्हीही जाणता. पण कप्तानाच्या खोलीत पेटीत जपलेलं एक घड्याळ आहे, जे कधीच जुळवत नाहीत. ते ग्रिनिचची वेळ दाखवतं. त्यातल्या आणि जहाजाच्या दुपारमधल्या फरकावरून जहाज पूर्व-पश्चिम कुठे आहे ते काढतात. एका तासाला पंधरा अंश. चिखलीत डोक्यावर ऊन येतं तेव्हा त्या घड्याळात सकाळचे सात वाजायला पाच मिनिटं कमी असतात. जहाज पश्चिमेकडे सरकतं तसा हा फरक रोज थोडा थोडा कमी होतो. तुमचं गाव रोज काही मिनिटं मागे राहतं.

तुमच्याकडे सेक्स्टंट नाही, पण मूठ आहे. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. चिखलीत ध्रुव क्षितिजावर दोन मुठी. मुंबई सोडली तेव्हा दोनाला किंचित कमी. रोज रात्री भांडी घासून झाली की तुम्ही उत्तरेला हात लांब करता. दीड मूठ. एक मूठ. मग नुसती चार बोटं. मार्चमध्ये एका रात्री क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यात ध्रुव शोधूनही सापडत नाही. विषुववृत्त आलं. लग्नात ज्याला हात जोडतात, जो जागचा हलत नाही असं लहानपणापासून ऐकलं, तो तारा गेला. त्या रात्री तुम्ही कुणाशी बोलत नाही. दक्षिणेला त्रिशंकू वर येतो, अगस्त्य डोक्याकडे चढतो, आणि तुम्ही त्यांच्याकडे परक्या गावातल्या माणसांकडे बघावं तसं बघता.

सारखा, एका बाजूने वाहणारा आग्नेयेचा वारा लागतो. आता दिवस एकमेकांसारखे. चांगली शिडं उतरवून जुनी, ठिगळांची चढवलेली. चांगली पुढच्या वादळासाठी राखायची. डेकवर तळहाताला चामडं बांधून माणसं शिडं शिवत बसतात. काथ्याच्या जुन्या दोऱ्या सोडवून पुन्हा वळतात. डांबराचा वास. उडणारे मासे रात्री डेकवर येऊन पडतात आणि सकाळी तुमच्या तव्यावर. संध्याकाळी कुणी भजन गातं, कुणी कव्वाली. घरच्या गोष्टी निघतात तेव्हा तुम्हाला कळतं की या सगळ्यांच्या घरी भात पुरत नाही, आणि म्हणूनच ते इथे आहेत. युरोपीय खलाशाला मिळणाऱ्या पगाराच्या कितीतरी कमी पगारावर, त्याच डोलकाठीवर, त्याच वाऱ्यात. कागदावर यांना एकच शब्द आहे, 'लस्कर'.

एप्रिलच्या मध्यावर, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या जरा अलीकडे, सूर्य बुडाल्यावर सारंग पश्चिमेकडे टक लावून उभा असतो. मोहरमचा चंद्र. तुम्हीही बघता आणि दचकता. गावाकडे या दिवसांत कोर नावेसारखी आडवी असते. इथे ती उभी, आणि उजेड डाव्या बाजूला. चंद्रही फिरला. तुम्ही सारंगाला सांगता की तुमच्याकडे मोहरमच्या सवाऱ्या निघतात, नवस बोललेले लोक फकीर होतात आणि त्यांत हिंदूंचीच घरं जास्त. तो ऐकून घेतो. बऱ्याच वेळाने म्हणतो, "तिथे समुद्र नाही ना? मग तुमचे ताजिये कशात शिरवतात?" तुम्ही सांगता, नदीत, नसली तर विहिरीत. त्याला याचं फार नवल वाटतं. त्यानंतर तो तुम्हाला 'ए पोरा' म्हणत नाही, 'वऱ्हाडी' म्हणतो.

चार दिवसांनी वारा उलटतो.

आफ्रिकेच्या टोकाशी अगुल्हास नावाचा गरम पाण्याचा प्रवाह नैर्ऋत्येकडे धावतो, आणि पश्चिमेचं वादळ त्याच्या थेट तोंडावर येतं. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे. मधल्या मध्ये लाटा उभ्या राहतात. घरी परतणारी जहाजं त्या प्रवाहाचा फायदा घ्यायला मुद्दाम तिथूनच जातात, म्हणून हा मारही चुकत नाही. "सगळे वर!" तुम्ही परबाणावर, म्हणजे शिडाच्या आडव्या वाशावर चढता. खाली पायाला एक दोरी, पोटाशी आडवा वासा, हातात ओलं, पत्र्यासारखं ताठ झालेलं शीड. एक हात जहाजाचा, एक हात स्वतःचा, असं तांडेलाने, म्हणजे सारंगाच्या हाताखालच्या मुकादमाने शिकवलेलं असतं. प्रत्यक्षात दोन्ही हात जहाजाला द्यावे लागतात. शीड आवळून बांधेपर्यंत नखं फाटतात. खाली बघता तेव्हा जहाज दिसत नाही, नुसता फेस दिसतो.

तीन दिवस चूल पेटत नाही. पोहे, गूळ, भिजलेले कपडे. पंप थांबतच नाही. चौथ्या सकाळी वारा ओसरतो, मोठे पांढरे अल्बाट्रॉस पंख न हलवता मागोमाग येऊ लागतात, आणि तेव्हा सगळ्यांच्या मनातली भीती सारंग बोलून दाखवतो. कोठ्यात पाणी गेलं असेल. कापूस भिजला की आतल्या आत तापतो. कापसाने भरलेली जहाजं समुद्रात जळाली आहेत, आणि तो जाळ बाहेरून दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

"वऱ्हाडी, तू उतर."

कंदील नेता येत नाही. तुम्ही अंधारात, गाठींच्या फटीतून सरपटत आत शिरता. इथे तुम्ही भंडाऱ्याचे हरकामे नाही. या जहाजावर कापूस ओळखणारे तुम्ही एकटे. गाठीत हात रुतत नाही, म्हणून दोन गाठींच्या मधल्या खाचेत कोपरापर्यंत हात घालता, खामगावचा व्यापारी घालायचा तसाच, आणि थांबता. नाक टेकता. सरकीच्या तेलाचा तो जुना वास येतो, अमडापूरच्या वाटेवरचा. एक थर, दुसरा थर. तिसऱ्या थरात डाव्या अंगाला वास बदलतो. कुबट, कोंदट, बुरशीचा, आणि तळहाताला जरा ऊब. तुम्ही ओरडता. तासाभरात त्या पाच गाठी वर ओढल्या जातात, पट्ट्या तोडल्या जातात आणि चिखली-मेहकरकडच्या कुण्या घरच्या बायांनी साफ केलेली ती रुई भर समुद्रात डेकवर पसरून वाळत पडते. उन्हात ती पांढरीशुभ्र दिसते. इंग्रज अधिकारी येऊन बघून जातो. सारंग त्या दिवशी तुपाचं माप दुप्पट देतो.

पंपावरचा एक म्हातारा खलाशी मात्र त्या वादळातून सावरत नाही. त्याचे पाय आधीपासूनच सुजलेले. तो कुठला म्हणून विचारलं की नुसतं खाडीचं वर्णन करायचा, गावाचं नाव नाही. मेच्या सुरुवातीला एका पहाटे तो उठत नाही. त्याला आंघोळ घालायला सारंग गोडं पाणी मागून घेतो आणि कप्तान ते देतो. जुन्या शिडाच्या तुकड्यात त्याला शिवतात, पायाशी लोखंड. सगळे रांगेत उभे राहतात, सारंग नमाज पढतो. तुम्ही मागे, डोकं झाकून उभे. मग फळी कलते. जहाज थांबवत नाहीत. ती जागा बघता बघता मागे जाते. त्याच दुपारी त्याची पेटी उघडतात. दोन लुंग्या, एक आरसा, आणि बायकोसाठी घ्यायच्या काचेच्या बांगड्यांचं माप म्हणून ठेवलेली एक तुटकी बांगडी. सारंग ती स्वतःजवळ घेतो.

सेंट हेलेना हा तो मधला एकुलता खडक. तिथे पाणी भरतात. नेपोलियन इथेच कैदेत 1821 साली मेला, हे एक इंग्रज खलाशी खुणांनी सांगतो. तुम्हाला लक्षात राहते ती हिरवी भाजी, जी सगळ्यांनी कच्चीच खाल्ली.

पुढे पुन्हा विषुववृत्त, आणि वारा मरतो. शिडं लोंबतात. पाण्यावर तवंग. नऊ दिवस जहाज जिथल्या तिथे गोल फिरतं आणि टाकलेला कचरा दुसऱ्या दिवशी तिथेच तरंगताना दिसतो. माणसं क्षुल्लक गोष्टींवरून भांडतात. मग एके दुपारी आभाळ फुटतं. मृगाच्या पावसासारखा पाऊस, सरळ, जाड धारांचा. शिडांची झोळी करून पाणी धरतात, पिंपं भरतात, आणि सगळं जहाज उघड्या अंगाने नाचतं. तीन महिन्यांनी गोड्या पाण्याने आंघोळ. तुमच्या मनात एकच येतं, घरी वखरणी झाली असेल का. अजून मे आहे. पेरणीला तुम्ही नसाल.

त्याच आठवड्यात उत्तरेच्या क्षितिजाशी ध्रुव परत दिसतो. तुम्ही सारंगाला हलवून उठवता. तो म्हणतो, "दिसणारच की," आणि पुन्हा कुशीवर वळतो.

यानंतर मात्र ध्रुव थांबत नाही. एक मूठ, दोन मुठी. दोन मुठी झाल्या त्या रात्री तुम्ही बराच वेळ तिथेच उभे राहता, कारण तारा बरोबर चिखलीइतक्या उंचीवर आहे आणि बाकी सगळं वेगळं आहे. मग तीन, चार. पिवळ्या शेवाळाचे पट्टे, थंड पश्चिमेचे वारे, करडं पाणी. जूनच्या सुरुवातीला आयर्लंडचा किनारा. ध्रुव पाच मुठींच्या वर, आणि तो बघायला मध्यरात्र व्हावी लागते, कारण रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड.

मर्सी नदीच्या तोंडाशी एक लहान आगबोट येऊन तुम्हाला ओढू लागते. भरती-ओहोटीत इथलं पाणी नऊ-दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं, म्हणून जहाजं दरवाजे असलेल्या गोदीत घेतात आणि भरती संपायच्या आत दरवाजे लावतात. नांगर टाकायची वेळच येत नाही. जहाज दोरखंडांनी भिंतीला बांधलं जातं.

गाठी वर निघतात. दलाल येतात, गाठीच्या बगलेतून मूठभर रुई ओढतात, दोन बोटांत ताणतात. हात गोरे, पण हालचाल तीच. तुम्ही धक्क्यावर उभे राहून बघता. इथे हिंदुस्थानचा सगळाच कापूस 'सुरती' म्हणून हिणवला जातो. धागा आखूड, मागावर तुटतो, म्हणून विणकर त्याच्या नावाने बोटं मोडतात. त्यातल्या त्यात वऱ्हाडच्या मालाला वेगळं नाव आहे. अमरावतीवरून पडलेलं, इंग्रजांच्या जिभेवर घासून घासून आखूड झालेलं: 'ऊमरा'. खामगाव नाही, शेगाव नाही, चिखली तर नाहीच. भाव तारेने मुंबईला गाठींच्या आधीच कळलेला असतो.

सारंगाची माणसं परतीचं जहाज मिळेपर्यंत धक्क्याजवळच्या कोंदट खोल्यांत थांबतात. बंदराबंदरात अशी अडकलेली माणसं इतकी झाली होती की लंडनला 1857 साली त्यांच्यासाठी एक वेगळं निवासगृह उघडावं लागलं. निरोप घेताना सारंग तुम्हाला ती तुटकी बांगडी दाखवतो. रत्नागिरीच्या कुठल्या खाडीवर जायचं ते त्याला ठाऊक आहे.

इथून तुम्ही आपल्या काळात परत या.

तुमच्या मागे पाच महिन्यांनी, 17 नोव्हेंबर 1869 रोजी, सुएझचा कालवा खुला झाला. मुंबई ते इंग्लंड हा सुमारे 20,000 किलोमीटरचा रस्ता 12,000 किलोमीटरच्या आत आला. पण कालव्यात शिडाला वारा मिळत नाही. तो रस्ता आगबोटींचा. आफ्रिकेला वळसा घालून कापूस नेणारी शिडं हळूहळू कमी होत गेली. खामगावला रेल्वेचा फाटा 1870 साली आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आले. खामगावच्या त्या वैभवावर लिहिलेलं सापडतं, आणि कोकणच्या खलाशांवरही थोडंबहुत सापडतं, पण वेगवेगळ्या कपाटांत. एका जहाजाच्या पोटात वऱ्हाड होतं आणि डेकवर कोकण होतं, हे एकत्र वाचायला मिळत नाही. आपल्या शाळांच्या पुस्तकांत ते एका पानावर यायला हवं.

खामगाव ते जालना रेल्वेची मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे आणि तो मार्ग चिखलीवरून जावा असं ठरत आलेलं आहे. रूळ अजून पडलेले नाहीत. चिखलीहून खामगावला निघालेला कापूस आजही उंद्रीवरून, रस्त्यानेच जातो.